मासोळीतला पारा

बुध., ८ जाने.
लसीकरण सत्र. प्रांजली आली, पण बाळ घरी ठेवून. डी.एड. झालेली, शांत पोरगी. मोबाईल पुढे केला. नवऱ्यानं पुण्याहून व्हिडिओ पाठवलेला. लसीत पारा असतो, पोरांचा मेंदू खराब होतो वगैरे.
"सिस्टर, खरं हाय का हे? तुमीच सांगा."
हसण्यावारी नेणार होते. मग पेंटा लसीच्या खोक्यातला कागद उघडला. बारीक अक्षरात थायोमर्सल. पाऱ्याचंच संयुग. बाटली उघडल्यावर आतली लस खराब होऊ नये म्हणून घालतात. सोळा वर्षं सुया देते आहे, हा कागद पूर्ण कधी वाचला नव्हता.
म्हटलं, हो, आहे. अगदी कणभर.
"मंग राहू द्या," म्हणाली आणि गेली. तिच्या मागे आणखी दोघी.

गुरु., ९ जाने.
आसेगावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन. घाईत होते. "त्यांना सांगा, याहून जास्त पारा मासे खाऊन पोटात जातो. मासे खातातच ना लोक?" वाक्य लिहून घेतलं. सोपं आहे. पटेल.
दुपारी पंचफुला. तलावावरून मासोळी आणून गावात विकते, टोपली रिकामी झाली की उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसते. माझं माहेर माळकरी, मासा कधी खाल्ला नाही, म्हणजे मी तिची गिऱ्हाईकसुद्धा नाही. तरी येते. हे वारल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून गावात सगळ्यांची मी सिस्टर. सुनंदा म्हणणारी ही एकटीच.
तिच्या सुनेला, मायाला, गेल्या महिन्यात मुलगी झाली. "नाक पाह्य तिचं. माह्यावर गेलं बिचारीचं," म्हणाली. दोघी खूप हसलो.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. समोर हळदीकुंकू. बायकांचे आवाज, बांगड्या. मी दार लोटून रजिस्टर भरत बसले.
पंचफुला तिळाचे लाडू घेऊन आली. "मले वाटलं तू एकटीच बसली असशीन." स्वतःच्या घरातलं हळदीकुंकू सोडून आली होती.

बुध., १५ जाने.
सत्र. मासोळीचं सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. प्रांजलीनं जरा विचार केला आणि बाळ माझ्याकडे दिलं. मग त्या दोघीही आल्या. यादी पूर्ण. डॉक्टर म्हणाले, शाब्बास.
स्वतःवर इतकी खूष की पोळ्या जास्त झाल्या. कोणासाठी केल्या, देव जाणे.

रवि., १९ जाने.
बाजार. पंचफुलाची टोपली दुपारपर्यंत भरलेली. एक म्हातारी तिला सांगत होती, "सिस्टर म्हनते, मासोळीत पारा असते. सुईपेक्षा जास्त."
मी भाजीवाल्याच्या पालाआड. चार पावलं पुढे जाऊन बोलायला हवं होतं. नाही गेले. घाबरले, दुसरं काय.

सोम., २० जाने.
पंचफुला आली. बसली नाही.
"तू सांगतलं का असं?"
"तसं नाही गं…"
"सांगतलं का नाई?"
"सांगितलं."
"आमच्या तीन पिढ्या मासोळीवर वाढल्या. काय झालं आमाले? आन् मी तुह्यं काय केलं होतं?"
जाताना म्हणाली, "माया येनार नाई सुईले. आमच्या आंगात मासोळीचा पारा हायेच म्हनते ना तू, मंग तुहा आनखी कायले पाह्यजे?"

मंगळ., २१ जाने.
डॉक्टरांना पुन्हा फोन. या वेळी सावकाश बोलले. पारा जास्त असतो तो समुद्रातल्या मोठ्या, दुसरे मासे खाऊन वाढलेल्या माशांत. आपल्याकडच्या रोहू-कटल्यात फारसा नसतो, खुशाल खावेत. आणि लसीतला प्रकार वेगळा, तो अंगातून लवकर निघून जातो. माशातला जास्त दिवस राहतो. म्हणजे दोन्हींची तुलनाच नीट नाही.
हे आधी का नाही सांगितलंत, असं ओठावर आलं होतं. पण त्यांनी फोनवर एक वाक्य दिलं. गावभर केलं ते मी.

बुध., २२ जाने.
सत्रात सगळं पुन्हा सांगितलं. एकीनं विचारलं, "मांगच्या बुधवारी वेगळं सांगत होत्या. आता खरं कोनतं?" प्रांजलीच म्हणाली, "तवा त्याहीनं अर्धं सांगतलं होतं." ती माझ्या बाजूनं बोलली की विरुद्ध, कळलं नाही.
मायाच्या बाळाचा दीड महिन्याचा डोस आज. आली नाही.

रवि., २६ जाने.
झेंडावंदन, मग बाजार. सरळ पंचफुलासमोर उभी राहिले. लोक पाहत होते.
"एक रोहू दे."
"तू खाते?"
"खाईन."
"तुले नाई देत. तुह्या उपकाराची मासोळी मले विकाची नाई."
रिकामी पिशवी घेऊन परत. आईला फोन लावला, हवापाण्याचं बोलले. दिवसभरात तेवढंच बोलणं. ओटा झाडायला गेले तर तिथं झाडण्यासारखं काही नव्हतं.

शुक्र., ३१ जाने.
माया बाळाला घेऊन आली, सासू तलावावर गेलेली. "सासूबाई म्हनते, सिस्टरच्या हातची सुई नाई. मले तर द्यायची हाय. बुधवारी गुपचूप येऊ का?"
बाळ खरंच पंचफुलाच्या नाकाचं. मला हो म्हणायचं होतं. रजिस्टर भरलं असतं, बाळ मांडीवर घेता आलं असतं. पण मग त्या घरात मायाचं काय, आणि पंचफुला पुन्हा माझ्यावर कशाला विश्वास ठेवील?
म्हटलं, "आसेगावला ने. तिथं मी नसते. पण सासूला सांगून ने."
ती गेल्यावर आसेगावच्या सिस्टरला फोन केला. म्हटलं, घाई करू नकोस, विचारतील ते सगळं सांग.

गुरु., ६ फेब्रु.
आसेगावच्या सिस्टरचा फोन. बाळाचा डोस काल झाला. बाळाची आजीही सोबत होती. पारा हाय का, विचारलं. किती, कायले, तलावातल्या मासोळीत किती, एकेक विचारून घेतलं. मग स्वतः बाळाचा पाय धरून बसली.
"आणि म्हणाली, आमची सिस्टर मनानं बरी हाय, पन अर्धंच सांगते."
आमची, म्हणाली.

शुक्र., ७ फेब्रु.
सकाळी पंचफुला समोरून चालली होती. टोपलीत मासोळी होती, भरून नव्हे. फाटकापाशी थांबली. आत आली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.
"ताप होता पोरीले, परवा."
"औषध दिलं?"
"देलं."
"उतरला?"
"उतरला. मांडीले गाठ हाय बारकी."
"राहते चार दिवस. नाही गेली तर दाखव."
"कोनाले?"
मला, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "कोणालाही."
मग टोपली सावरली आणि गेली.