प्रवासी मजेत आहे

ताई,

तुला आणि भाऊजींना वाकून नमस्कार. (हल्ली पायांपर्यंत वाकता येत नाही, तेव्हा गुडघ्यापर्यंतचा मी केला आणि उरलेला तुम्ही धरून चाला.) तुझी कंबर काय म्हणतेय? भाऊजी कानाचं यंत्र लावत नाहीत आणि लावलं तर सुरू करत नाहीत, अशी तुझी तक्रार होती. मला त्यात त्यांचं शहाणपणच दिसतं. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. परवा फोनवर तू विचारलंस, ऑफिसात काय झालं, आणि मी 'काही नाही' म्हणालो. ते 'काही नाही' आता सविस्तर लिहितो.

भाऊजी अजूनही सगळ्यांना सांगतात की मी लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून पुन्हा एकदा खुलासा. मी लिफ्टला हात लावत नाही. आमच्या कंपनीने बसवलेली लिफ्ट कुठे अडकली की आतला माणूस घंटेचं बटण दाबतो आणि माझ्या टेबलावर फोन वाजतो. मी मेकॅनिकला पिटाळतो आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहतो. केस काळे होते तेव्हापासून हेच करतोय. 'घाबरू नका' असं मी कधीच म्हणत नाही. तोवर न घाबरलेला माणूससुद्धा ते ऐकून घाबरतो. मी विचारतो, 'हातात काय आहे हो?' अडकलेल्याच्या हातात काही ना काही असतंच. औषधांची पिशवी, बुटांचं खोकं, एकदा तर एका बाईंच्या हातात काचेचं भांडं होतं आणि भांड्यात मासा. मग मी त्या वस्तूची चौकशी करतो. बूट कुणाचे, चावतात का, मासा काय खातो. माणूस सांगत सुटतो आणि भिंती विसरतो. एक निवृत्त मास्तर तर दार उघडल्यावरही बाहेर येईनात, त्यांच्या बदलीची हकिकत अर्धीच झाली होती. आमचा मेकॅनिक (त्याला सगळे पाना म्हणतात, खरं नाव तोही विसरला असावा) बिचारा दार धरून उभा.

तर गेल्या वर्षी नवे साहेब आले. माणूस वाईट नाही. वयाने तुझ्या मुलाएवढा, पण आपण गेलो की स्वतः उठून खुर्ची देतो. त्यांच्या मनात आलं की हे फोन यंत्राने घ्यावेत, मात्र आवाज माझाच हवा, कारण लोकांना त्याची सवय आहे. हे ऐकून माझी छाती इतकी फुगली की तिच्यापलीकडे आपली खुर्ची हलतेय, हे मला दिसलंच नाही. मला एका लहानशा खोलीत बसवलं. भिंतींना गादीसारखं काहीतरी चिकटवलेलं, समोर माइक, आणि ऐकायला एकही माणूस नाही. आता समोर कुणी नसताना मला बोलता येत नाही. (हिचं मत वेगळं आहे.) म्हणून मी मनातल्या मनात एकेकाला लिफ्टमध्ये अडकवलं, त्याचं म्हणणं मनातच ऐकलं आणि त्याला मोठ्याने उत्तरं दिली. माझ्या मनातली माणसं फार समंजस निघाली. कुणी मुलीसाठी फ्रॉक आणलेला, कुणाला बढती मिळालेली. त्यामुळे माझी उत्तरंही तशीच: 'हो का? अरे वा!', 'छान, छान', 'मग पुढे काय झालं?' रडणारं, चिडणारं, धाप लागलेलं असं कुणी मी अडकवलंच नाही. आपल्याच कल्पनेतल्या माणसांना कशाला त्रास द्यायचा?

यंत्र तयार झालं. मी ते तपासायचं, ठीक असल्याचं सही करून द्यायचं, की टेबल बंद आणि मी मुदतीआधी निवृत्त, असं ठरलं. मी यंत्राशी थोडं बोलून पाहिलं. उत्तरं इतक्या आपुलकीने आली की मीच माझ्यावर खूश झालो. सही ठोकली आणि कागद घेऊन साहेबांकडे वरच्या मजल्यावर निघालो. आणि ताई, लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली.

बटण दाबलं. माझाच आवाज आला, 'नमस्कार, मी आहे ना. हातात काय आहे हो?' मी म्हणालो, अरे बाबा, मीच आहे. 'हो का? अरे वा!' म्हटलं, छातीत धडधडतंय. 'छान, छान.' म्हटलं, आधी पानाला पाठव. 'मग पुढे काय झालं?' मी खवळलो. साहेबांबद्दल जे मनातसुद्धा कधी नीट बोललो नव्हतो ते खणखणीत आवाजात बोललो, आणि प्रत्येक शिवीला कौतुकाची थाप मिळत गेली. शेवटी दमून खाली बसलो आणि त्या सही केलेल्या कागदाने वारा घेत राहिलो. पण गंमत बघ, इतक्या जिव्हाळ्याने कुणी 'मग पुढे काय झालं?' विचारत राहिलं की सांगावंसंच वाटतं. मीही सांगत सुटलो. निवृत्तीचं सगळ्यांना हसत हसत सांगतो, पण मला तिची भीती वाटते. घरी दिवसभर फोन वाजणार नाही, वाजला तरी कर्ज हवंय का विचारणारा असेल. घरात कुणी अडकलेलं नसतं, मग मी बोलू कुणाशी आणि कशाला? यंत्र म्हणालं, 'छान.'

पाना आला तोवर माझा शर्ट पिळण्याजोगा झाला होता. 'काका, तुम्ही?' तो बघतच राहिला. 'अहो, मला मोबाइलवर आलं, प्रवासी मजेत आहे, घाई नाही. म्हणून मी आधी दुसरीकडची कामं उरकली.' भरपूर बोलणारा माणूस ठीक असतो, असं यंत्राला शिकवलेलं होतं. (त्यांना ते मीच सांगितलं होतं.) 'मजेत? तोंड बघ माझं,' मी म्हणालो. 'तोंड कुठे दिसतंय त्याला!' पाना हात देत म्हणाला. 'पण काय शिव्या घालत होता हो! जिन्यात गर्दी जमलीय. तुम्हाला येत असतील असं वाटलं नव्हतं.'

हे सगळं बोलणं यंत्र जपून ठेवतं, हे मला दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावल्यावर कळलं. मी जिन्याने गेलो. त्यांनी सगळं ऐकलं होतं, स्वतःबद्दलचं सुद्धा. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, 'ते राहू द्या काका. त्या शेवटच्या बोलण्यावर, यंत्राच्या जागी तुम्ही असता, तर काय म्हणाला असतात?' मी विचार केला आणि खरं ते सांगितलं: काहीच म्हणालो नसतो, नुसता फोन धरून बसलो असतो. मग साहेबांनी नवा नियम काढला. फोन यंत्रच घेईल, पण ज्याच्याबद्दल ते 'प्रवासी मजेत आहे' म्हणेल, त्याचा फोन ताबडतोब माझ्याकडे. म्हणजे मला हवं असेल तर टेबल राहील; नको असेल तर ठरल्याप्रमाणे निवृत्ती, हारतुऱ्यांसकट. सोमवारी सांगा, म्हणाले.

तेव्हा काळजी करण्यासारखं काहीही नाही. कंबरेला जप. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. सोमवारी 'टेबल हवं' असंच सांगायचं माझं ठरलंय. पण निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी तुमच्या वरच्या खोलीत येऊन राहायचं, असं तू आणि हिने परस्पर ठरवून ठेवलंय. खिडकीचं माप तुझ्याकडून मागवून हिने पडदेसुद्धा शिवलेत. त्या पडद्यांसमोर माझ्या तोंडून टेबलाचा शब्द निघत नाही. तेव्हा एवढं कर: रविवारी हिला फोन करून सांग की ती खोली भाड्याने दिली. भाऊजींनी दिली म्हण, म्हणजे ही वाद घालणार नाही.

आणखी ता. क. हे फोनवरच सांगितलं असतं, पण घरचा फोन ही ऐकते आणि ऑफिसचा यंत्र. कुरिअरने पाठवतोय. वाचून फाडून टाक.

ताई, हा पुढचा मजकूर तुमच्या भावजयीचा. पाकीट चिकटवायला घरात डिंक नव्हता, तो आणायला हे बाहेर गेलेत, तेवढ्यात पत्र वाचलं. भाड्याचं खोटं बोलू नका, तुम्हाला जमायचं नाही आणि भाऊजींना त्याहून नाही. टेबलाचं मला पानाने कधीच सांगितलंय. पडदे मी हौसेने शिवले नव्हते. निवृत्तीचं हसत सांगणारा हा माणूस जेवताना घास हातात धरून बसून राहतो, हे मला दिसत होतं. तुमच्यात राहिले तर तुमच्याशी तरी बोलतील, म्हणून तो सगळा खटाटोप. टेबल राहिलं तर मला हवंच आहे, पण मी आपण होऊन सांगणार नाही. यंत्राला सांगता आलं, ते सोमवारच्या आत मला तोंडाने सांगू देत. नाही सांगितलं तर मंगळवारी पडदे घेऊन मी एकटीच तुमच्याकडे येते. खोली झाडून ठेवा. सांगितलं तरी येते.