पश्चिमेकडच्या खिडक्या

प्रिय डेल्मर,

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणातल्या झाडाची संत्री उतरवत होतो. भर जानेवारीत, अंगात नुसता सदरा! आणि तिकडे डुलुथला दारातलं बर्फ उपसताना तू घसरलास, खुबा दुखावून बसलास. लिहितोस, ‘लोवेल, तळ्याकाठचं घर विकून तुझ्या त्या वाळवंटातल्या टूसॉनला येऊ का? गिऱ्हाईक या महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. आता तूच सांग, तू म्हणशील तसं करीन.’ जन्मात पहिल्यांदा तू मला काही विचारलंस, म्हणून रोज बसतो, चार ओळी लिहितो, फाडतो. माझी रोसाउरा स्वयंपाकघरातून टोमणे मारते, ‘माझ्यासाठी कधी दोन ओळी खरडल्या नाहीस, आणि त्या म्हाताऱ्यासाठी महाकाव्य चाललंय का रे?’

तर आधी गोड ते सांगतो. इथला हिवाळा म्हणजे डुलुथचा कोवळा मे महिना. गुडघे कुरकुरत नाहीत. संध्याकाळी डोंगर आधी गुलाबी होतात, मग जांभळे, आणि माणूस हातातलं काम टाकून बघत राहतो. टेकडीवर सवारोचे उंच निवडुंग उभे असतात. त्यांना पहिला हात फुटायलाच माणसाचं आयुष्य जातं म्हणे. त्यांच्यात उभा राहिलो की मी स्वतःला पोरसवदा वाटतो. शेजारचं बंगलीवजा घर विकायला आहे. दिवाणखान्याला पश्चिमेकडे भिंतभर खिडक्या. मावळतीचं ऊन थेट तुझ्या आरामखुर्चीत येऊन बसेल. शेजारीण लेकीकडे राहायला गेली. जाताना खिडक्यांवरून हात फिरवून रडली बिचारी.

आता कडू. जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग धरायला भट्टीचे हातमोजे लागतात. गार पाण्याचा नळ सोडावा तर त्यातून कढतच येतं. बुटात पाय घालण्याआधी बूट झटकायचा, विंचवाला तोच बंगला आवडतो. रोसाउरा म्हणते, ‘तुझ्या मित्राला सांग, इथं उन्हाळ्यात सैतानसुद्धा सावली शोधतो.’ पण हे सगळं अंगवळणी पडतं. अंगवळणी पडत नाही ती एकच गोष्ट, पानगळ. इथं ऑक्टोबर येतो तो हात हलवत. मेपल लाल होत नाही, तळं गोठत नाही. अशा वेळी मी ओसरीत बसून लिंडक्विस्टबाईंची कविता म्हणतो. आठवते तुला?

तळे गोठले, नावा निजल्या, मुके जाहले पाणी…

बाई खडू हातात धरून डोळे मिटायच्या आणि वर्गातली शेगडीसुद्धा धुमसायची थांबायची. मला तेव्हा एकच व्हायचं होतं. त्यांच्या जागी उभं राहायचं, आणि डोळे मिटायचे.

म्हणून तर त्या वर्षी मी हीच कविता घेऊन पाठांतराच्या स्पर्धेत उतरलो. जो जिंकेल त्याला शिक्षकांच्या कॉलेजात फुकट जागा. सभागृह गच्च भरलेलं. पडद्याआड पुस्तक घेऊन तू उभा, कुणी अडलं तर ओळ सांगायला. मी तिसऱ्या कडव्यावर अडलो. तुझ्याकडे पाहिलं. तू बोटानं ओळ शोधलीस, माझ्या डोळ्यांत पाहिलंस आणि शांतपणे म्हणालास, ‘बर्फाखाली जपून ठेवली कुणी उन्हाची गाणी.’ ती शेवटची ओळ होती, डेल्मर. माझा तुझ्यावर विश्वास, मी ती खणखणीत म्हटली आणि कविता तिथेच संपली. मधली तीन कडवी जिवंत गाडली गेली. आधी कुणी टाळ्या वाजवल्या, मग कुणीतरी हसलं, मग सगळे. माझ्यामागून तू आलास आणि एकही ओळ न चुकता कविता म्हटलीस. तू जन्मभर शिकवलंस. मी इथं येऊन लोकांच्या भिंती रंगवल्या, उन्हानं पोपडे आलेल्या, दर दोन वर्षांनी पुन्हा पोपडे येणाऱ्या.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. वर लिहिलेल्यातली एक गोष्ट खोटी आहे. कदाचित डोंगर गुलाबी होत नसतील. कदाचित शेजारीण लेकीकडे गेलीच नसेल. कदाचित त्या खिडक्यांपाशी जूनमध्ये मेणबत्तीसुद्धा उभी राहत नसेल. किंवा कडू तेवढंच खोटं असेल आणि हे गाव स्वर्ग असेल. रोसाउरानं वाचलं, म्हणाली, ‘अरे देवा, सांग ना त्याला कुठली ते!’ नाही सांगणार. तळ्याकाठचं घर एकदा गेलं की परत मिळत नाही, हे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक वाट बघतंय, सभागृह भरलंय, तू अडला आहेस आणि माझ्याकडे बघतो आहेस. बघ. यावेळी पुस्तक माझ्या हातात आहे, आणि मी ओळ सांगून मोकळा झालोय.

पडद्याआडून,
तुझाच
लोवेल