बाबांच्या रिळावरचा मळ

३ मार्च, सकाळी ९
माळ्यावर डबा सापडला. त्यात मामाने काढलेलं आमच्या घरातलं एकुलतं एक आठ एमएमचं रीळ. आई म्हणते, त्यात बाबा दारातून चालत बाहेर येतात. बाबांना जाऊन एकतीस वर्षं झाली. फोटो ढीगभर, पण चालताना फक्त इथेच. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आईची नजर आता महिना-दोन महिन्यांची सोबती. तेव्हा पंधरवड्यात रीळ चकाचक करून तिला दाखवणार. स्वतः. चौतीस वर्षं ऑफिसात फायली सांभाळल्या, एक फीत नाही सांभाळता येणार?

दुपारी
डबा उघडला. आंबट वास. फितीवर पांढरी बुरशी. बायको म्हणाली, लॅबमध्ये द्या. तिला माझं कर्तृत्व कधीच दिसलं नाही.

४ मार्च
फिल्म लॅबमधल्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, उलगडू नका, पुसू नका, पाणी तर मुळीच लावू नका, आहे तसं घेऊन या. धंदाच आहे त्यांचा, असंच बोलणार.

६ मार्च
वेळापत्रक आखलं. पहाटे पाच ते सात, फिल्म. दोन रंगांच्या शाईत लिहून कपाटावर चिकटवलं. दिवस सत्कारणी लागला.

७ मार्च, सकाळी ९.४०
गजर वाजला होता, असं बायकोचं म्हणणं. पुरावा नाही.

९ मार्च
अखेर मुहूर्त लागला. फितीला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत, चकचकीत. दुसरी मंद, खरखरीत. चकचकीत बाजू स्वच्छच आहे, म्हणजे घाण खरखरीत बाजूला. साधं लॉजिक. कोमट पाणी, शाम्पूचे दोन थेंब, जुन्या बनियनचा तुकडा. काय मळ निघाला! तुकडा काळा झाला आणि खालून काचेसारखी फीत बाहेर आली. म्हणे पाणी लावू नका!

११ मार्च
आणखी दहा हात. बाथरूमभर दोऱ्या, दोऱ्यांवर फीत, फितीला चिमटे. बायको म्हणाली, यात चित्रं कुठे दिसत नाहीत. म्हटलं, चित्रं बारीक असतात, एकदा चष्म्याचा नंबर तपासून घे. तेव्हापासून अबोला.

१४ मार्च
पाठ धरली. विश्रांती. आई रोज विचारते, झालं का रे? म्हटलं, आई, ही घाईची कामं नव्हेत.

१७ मार्च
शेवटचे सहा हात राहिलेत. उद्या संपवणारच.

१८ मार्च
मॅच होती.

१९ मार्च, सायंकाळी ५
शेजारच्या मास्तरांचा प्रोजेक्टर आणून धुतलेल्या भागाची ट्रायल घेतली. भिंतीवर पांढरा उजेड. लेन्स पुसली. पांढरा उजेड. मास्तरांचा प्रोजेक्टर बिघडलेला आहे.

५.४०
मास्तरांनी त्यांचं स्वतःचं रीळ लावून दाखवलं. प्रोजेक्टर उत्तम आहे.

२० मार्च
लॅबमध्ये गेलो. बाईंनी फीत उजेडात धरली आणि मी कशी धुतली ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, चित्र असतं ते त्या खरखरीत थरातच. बुरशीने तो पोखरला होता, पाणी लागताच सुटला. निघाला तो मळ नव्हता. म्हणजे मी माझ्या घरच्या माणसांना बनियनने पुसून टाकलं. खूप लाज वाटली. रडूही आलं, बाईंसमोर. न धुतलेले सहा हात त्यांनी ठेवून घेतले. त्यात कोण आहे, काय आहे, वाचेल की नाही, आत्ता सांगता येणार नाही म्हणाल्या. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, नशीब, तुम्ही आळशी आहात. बऱ्याच वर्षांत तिने केलेलं हे पहिलं कौतुक.

२ एप्रिल
लॅबमधून बावीस सेकंदांची फिल्म मिळाली. दुपारी बायकोने कॉम्प्युटरवर लावली. आई स्क्रीनला नाक टेकवून बसली. डाग, ओरखडे, आणि मधोमध बाबा दारातून बाहेर आले, चार पावलं चालले नाहीत तोच मामाला हाताने हटकलं, पुरे म्हणून. आईने सात वेळा पाहिलं. मग विचारलं, बाकीचं कुठाय? काळाच्या ओघात खराब झालं, हे उत्तर मी चार दिवस घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं, मी पुसलं, आई.

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. मग म्हणाली, पुन्हा लाव. मी माऊसकडे हात नेला. तू नको, म्हणाली, तिला लावू दे.