हे आले की दाखवीन

ता. ११, बुधवार, सकाळी

चि. चिमणीस,
बाबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. तुझा खोकला गेला का? पाणी कोमट करूनच पी. आणि त्या जिन्यातला दिवा बसवून घे. घरमालक बसवत नसेल तर तू बसव, पाय मोडला तर दिव्यापेक्षा महागात पडेल. माझ्या डोळ्यांचं बरं चाललंय, डाव्यात थेंब घालतो. गुडघा आहे तसाच आहे.

तू म्हणशील, बाबांनी फोन सोडून पत्र कुठून काढलं. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि आई दिवसभर तिथंच बसलेली असते. काही गोष्टी तिच्यासमोर बोलता येत नाहीत. म्हणजे तसं विशेष काही नाही, घाबरू नकोस. माझ्या शुद्धलेखनाला हसू नकोस, सातवीच्या पुढे मला कुणी बसू दिलं नाही हे तुला माहीत आहे.

आधी नाण्यांची बातमी सांगतो. माझी चांदीची नाणी घासली गेली. सगळीच्या सगळी, एक सोडून.

तुला वेगळं सांगायला नको. जुन्या चांदीवर काळपट थर चढतो, कुठे निळसर, कुठे जांभळा, तो मळ नसतो. तो चढायला माणसाचं आयुष्य जातं. एकदा घासला की नाणं गेलं, मग ते कितीही चमको. ज्याला कळतं तो हातात घेतो आणि खाली ठेवतो. वजनकाटे दुरुस्त करत मी दुकानोदुकानी फिरलो, जिथे जुनी नाणी वजनं म्हणून पारड्यात टाकत तिथून एकेक मागून आणलं. झिजेप्रमाणे चार प्रती लावल्या: कोरं, चांगलं, वापरलेलं, पुसट. माझा दोस्त घड्याळजी म्हणतो की पुस्तकात याला वेगळी नावं आहेत. असतील. मी माझ्या चार नावांवर निभावलं. तुला शिकवलं होतं ना, आधी नाण्यावरच्या राणीचा गाल बघायचा आणि कानावरचे केस. जे वर उचललेलं असतं ते आधी झिजतं. कडेची अक्षरं मागे राहतात.

तर मागच्या आठवड्यात मी डोळे दाखवायला गेलो होतो. परत आलो तो स्वयंपाकघरात नळ चालू. आई ओट्याशी उभी, बाह्या वर केलेल्या, एका हातात भांड्यांची पावडर आणि दुसऱ्यात तारेची घासणी. खिडकीपाशी टॉवेल पसरलेला, त्यावर नाणी ओळीनं वाळत घातलेली. पांढरीशुभ्र. मला म्हणाली, "इतकी घाण कुणी साठू दिली हो?"

मी खाली बसलो. स्टूल होतं म्हणून बरं.

संध्याकाळी घड्याळजी आला. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, काढलं, पुसून परत लावलं. म्हणाला, "अरे, ही तर न्हाव्याकडून आल्यासारखी दिसतायत!" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं भिंग खाली ठेवलं. म्हणाला, "कुणी केलं?"

"मीच."

"तू? अरे, खोटं तरी नीट बोल. तुझ्या नाण्यासमोर मी शिंकलो तर तू मला दाराबाहेर काढतोस."

मग त्यानंच चहा केला. साखर जास्त घातली, मी तसाच प्यालो.

आता तू विचारशील, आईनं? आईनं कशी घासली? तुझा प्रश्न बरोबर आहे. मीही तोच विचारत बसलोय. या घरात माझ्या खालोखाल नाणं कुणी नीट धरलं असेल तर तिनं. तू लहान असताना लोण्याचा अंगठा नाण्यावर उमटवलास तेव्हा फटका मी दिला नव्हता, तिनं दिला होता. "कडेला धर!" म्हणून ओरडली होती. तू रडलीस, मग तीही रडली.

इकडे ठीक आहे असं मी वर लिहिलंय ते खोडत नाही, कागद घाण दिसतो. पण ते वाचू नकोस.

दुपारी

आई झोपली आहे. पुढे लिहितो.

तू पत्रात लिहिलंस, "आईचा अबोला संपल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही." तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. सख्ख्या आईनं 'माझे कानातले तू नेलेस' म्हणावं, तेही पाहुण्यांसमोर, कुणीही बॅग उचलून निघून गेलं असतं. तेव्हापासून दर रविवारी तू फोन करतेस. मी सांगतो, ती आंघोळीला गेलीय, शेजारी गेलीय, आत्ताच डोळा लागलाय. तू एकदा म्हणालीस, "रविवार आला की आईला बरी आंघोळ सुचते." मी हसलो. तुला वाटलं ती रागानं फोनवर येत नाही, आणि मी तसं वाटू दिलं. मनात म्हटलं, राग आहे असं वाटलेलं बरं. राग उतरतो तरी.

चिमणे, अबोला नाही. ते भांडणच तिला आठवत नाही. तू फोनवर बोलशील, ती 'कोण बोलतंय' म्हणेल, आणि तिथं तुला धरायलाही कुणी नाही, एवढीच मला धास्ती होती.

कानातले सापडले. नाणी परत लावायला मी कपाटाचे खण बाहेर काढले, तर सगळ्यात खालच्या खणात, मखमलीच्या तुकड्याखाली, कागदात गुंडाळून ठेवलेले. या घरात ज्याला कुणी हात लावत नाही अशी जागा तिनं शोधली होती. ठेवले आणि विसरली. तेव्हाच सुरू झालं होतं ते, आणि आपण त्याला भांडण समजलो. डॉक्टरांनी तिच्या आजाराचं नाव सांगितलंय, मी लिहून घेतलंय, पण इथं लिहिणार नाही. तू आलीस की चिठ्ठी दाखवीन.

अजून एक राहिलं. सकाळपासून तेच लिहायचं टाळतोय.

त्या दिवशी मी स्टुलावर बसलो होतो ना, तेव्हा ती हात पुसत जवळ आली. मला प्यायला पाणी दिलं, बाहेरून आलेल्याला देतात तसं, पेल्याखाली बशी धरून. आणि हळूच म्हणाली, "हे आले की दाखवीन. खूश होतील ना हो?"

तुला माहीत आहे, आईनं जन्मात माझं नाव घेतलं नाही. दुधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना 'आमचे हे', 'हे बाहेर गेलेत', 'ह्यांना विचारते'. मी तिच्यासमोर बसलोय आणि 'हे' यायचे आहेत.

मी म्हणालो, "होतील."

"चिडणार नाहीत?"

"नाही चिडणार."

"तुम्हाला नाही माहीत त्यांचं," म्हणाली, आणि हसली. "फार जीव आहे या नाण्यांवर. ही बघा राणी. ही माझी सवत."

सवत आठवते, चिमणे. तो विनोद जसाच्या तसा आहे. मी भिंग घेऊन बसलो की ती म्हणायची ना, "बसा सवतीचे गाल निरखत, आमच्याकडे नुसत्या डोळ्यांनी तरी बघा." तेही आठवतं. मला सगळं सांगितलं तिनं, नवऱ्याचं कौतुक करून करून. मी ऐकत होतो. इतकं कौतुक माझ्या तोंडावर तिनं कधी केलं नव्हतं.

वर लिहिलं ना, एक सोडून, ती त्या दिवशीची गोष्ट. ते एक माझ्या खिशात होतं, भिंगाच्या डबीत. डोळ्यांची परीक्षा घ्यायला मी ते बरोबर नेलं होतं, डॉक्टरांच्या तक्त्यावर माझा भरवसा नाही. माझ्याकडचं एकच कोरं. राणीच्या कानावरचा केस न् केस मोजता येतो, आणि वर थर असा की अंगावर जांभळी सावली पडल्यासारखा. कुणाला दाखवतानाही मी ते हातात देत नसे.

काल ती खण चाळत होती. मोकळ्या खळग्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथलं एक हरवलं वाटतं. आता हे काय म्हणतील?" घाबरली होती. सारखं तेच म्हणत राहिली. तिचे हात एकेक खण उपसत राहिले.

मी डबीतून काढलं आणि तिला दिलं. तिनं ते कसं घेतलं सांगू? कडेला धरून. अगदी अलगद. मग उजेडात नेऊन म्हणाली, "अगबाई, हिचं तोंड धुवायचंच राहिलं." नळ मी सोडला. पावडर मी तिच्या हातावर घातली. ती घासत होती, मी वाटी धरून उभा होतो. जांभळं पाणी वगैरे काही निघत नाही, नुसतं राखाडी निघतं आणि वाहून जातं. तिनं ते पदराला पुसलं, टॉवेलवर ठेवलं, आणि तिचे हात थांबले.

मी जुन्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. घासलेल्या नाण्याला प्रत लावत नाहीत, तसा नियमच आहे. तरी मी नवीन चिठ्ठ्या केल्या आणि सगळ्यांवर एकच लिहिलं, 'आईनं घासलेलं'. घड्याळजी म्हणाला, पुस्तकात अशी प्रत नाही. मी म्हटलं, नसू दे.

आता तू ये. उन्हाळ्याची सुट्टी बघत बसू नकोस. तिला अजून तुझा लोण्याचा अंगठा आठवतो, परवाच सांगत होती, पण तो अंगठेवाला जीव मोठा झाला हे तिच्या ध्यानात राहत नाही. तुला 'कोण' म्हणाली तर दारात रडू नकोस, आत ये, मोरीत जाऊन रड, मीही तिथंच जातो. तिला कानातल्यांचं काही बोलू नकोस. ती नाणी दाखवील. 'किती चकचकीत' म्हण. हातात दिली तर कडेला धर, नाहीतर फटका बसेल. बसला तर मला फार बरं वाटेल.

येताना जागा खिडकीजवळची बघ, रात्रीच्या गाडीनं येऊ नकोस, आणि निघालीस की कळव. फोन मी उचलीन. तिलाही देईन.

ती उठली वाटतं. दाराकडे बघतेय. रोज या वेळेला बघते, मी यायची वेळ झाली म्हणून. पत्र थांबवतो, तिच्याजवळ जाऊन बसतो.

तुझे बाबा,
आणि जे अजून घरी यायचे आहेत ते, आईचे हे