जुन्नरच्या वहीतली शेवटची चार पानं

पप्पा, जयभीम.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज पहिल्यांदा लिहितेय, तेही भांडायला. काल सुमेध आला होता. वरच्या मजल्यावरचा, तुमचा लाडका. म्हणाला, "करुणा, काकांची जुन्नरची वही देशील? वर्षाच्या पुण्यानुमोदनाला, वंदना झाली की त्यातलं थोडं वाचतो."

मी म्हटलं, "कुठली वही? मी नाही पाहिली."

तो गेल्यावर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाई, उशीखाली ठेवून वर खोटं बोलतेस?"

ठेवलीय. मग? तो कोण मागणारा?

सहा दिवस तुम्ही ऑफिसात शिपाई, रविवारी जुन्नरचे. डिलाईल रोडवरून पहाटे निघायचात. आल्यावर गॅलरीत सगळ्यांना धरून सांगायचात, दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून मालाचे बैल चढायचे, जुन्नरात बाजार भरायचा आणि तिथल्याच लोकांनी भिक्खूंसाठी डोंगरात लेणी कोरून दिली. कुणी पाण्याचं टाकं दिलं. कुणी कल्याणचा, कुणी थेट परदेशातून आलेला यवन, म्हणजे ग्रीक. "राजेच नव्हेत गं, व्यापारी, कारागीर. आपलं नाव कोरून गेले." त्यांच्या बापांची नावंसुद्धा तुम्हाला पाठ. आणि मी कितवीत? ते आईला विचारून फॉर्मवर लिहायचात.

कुणी एखाद्या गावावर जळतं का? मी जळायचे.

एकदाच नेलंत. मी दहा वर्षांची. नारायणगावच्या स्टँडवर एसटी थांबली. "इथेच बस, पाणी आणतो," म्हणून तुम्ही उतरलात. मला पलीकडे तमाशावाल्यांच्या राहुट्या दिसल्या. मी चालत सुटले. एक बाई खुर्चीवर पाय ठेवून चाळ बांधत होती, बांधता बांधता फोनवर कुणाला तरी वरण कसं करायचं ते सांगत होती. अजून आठवतं. पण ते सोडा. मी सापडेपर्यंत एसटी गेली, दुपार झाली. तुम्ही ओरडला नाहीत. मिसळ खाऊ घातलीत आणि परतीच्या गाडीत बसवलंत. पुढच्या रविवारी सुमेधला नेलंत.

ओरडला असतात तर बरं झालं असतं. मला पुन्हा का विचारलं नाहीत? आणि मी तरी "न्या" का म्हटलं नाही?

तो तुमच्याकडून ब्राह्मी शिकला, लेण्यांतल्या लेखांची लिपी. तुम्ही दोघं खडूने फरशीवर अक्षरं काढायचात, मी चपला घालून वरळीला समुद्रावर. कॉलेज सोडलं तेव्हाही अशीच निघून गेले होते, कोकणात, तीन आठवडे. परत आले तर तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलीस?"

आज दुपारी वही नीट उघडली. पुढची पानं मराठीत. लेण्यांमधले लेख, लेण्याद्रीच्या पायथ्याला काकडी विकणाऱ्या मावशी, त्यांचा दुखरा गुडघा, नातीचं लग्न. मागची चार पानं आजारपणातली, तीही सगळी ब्राह्मीत. हात थरथरलेला दिसतो. असं का केलंत? आम्ही वाचू नये म्हणून? की त्यानेच वाचावं म्हणून?

मला एकच अक्षर येतं, अधिकच्या चिन्हासारखा क. शेवटच्या पानावर तो जागोजागी आहे. ती करुणा आहे, की कल्याणचा व्यापारी, की काकडी?

सुमेधला दाखवलं तर दोन मिनिटांत सांगेल. तेच नकोय. माझ्याबद्दल काही असलं, तर ते त्याच्या तोंडून ऐकू? आणि नसलं, तर त्याच्यासमोर रडू?

म्हणून ठरवलंय. उद्या वर जाऊन त्याला खरं सांगेन. मराठी पानांची झेरॉक्स देईन, खुशाल वाचू दे सगळ्यांसमोर. आणि म्हणेन, "मला ब्राह्मी शिकव." हे म्हणताना माझा जीव जाईल, तुम्हाला माहितीय. पण शब्द देते, मध्येच उठून कुठे जाणार नाही.

मागची चार पानं मात्र त्याला दाखवणार नाही. ती मीच वाचणार, अक्षराला अक्षर लावत, कितीही दिवस लागले तरी. त्यांत मी नसले, तरी.

तुमची,
करुणा