वाळलेले पोवळे

३ मार्च
या रोजनिशीतून मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: पावणे औद्योगिक वसाहतीतील शेडमधल्या टाकीत जे वाढते आहे, त्यास भौतिक कारण आहे.

मी राजलक्ष्मी, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. माझी जुनी विद्यार्थिनी रंजिता पुढे समुद्रविज्ञानाकडे वळली. सहावा महिना असूनही ती मला घ्यायला फाटकापर्यंत आली. गरम भजी, आले घातलेला चहा, मग तीन टाक्यांतील पोवळी. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू सोडून तिने उद्याचा आम्ल समुद्र आजच तयार केला आहे. अशा पाण्यात पोवळ्याचा चुन्याचा सांगाडा झिजावा. दोन टाक्यांत झिजला. तिसरीत तो वाढतो आहे. निष्कर्षातील खोट शोधण्यासाठी मला बोलावले आहे. इतके देखणे कोडे कित्येक वर्षांत मिळाले नव्हते.

५ मार्च
पाण्यातील चुना कमी होत नाही. मग सांगाडा बांधला जातो तो कशाने? टाकी घासणारा भैरू हातमोजे घालत नाही. त्याच्या दोन दाढा आपोआप गळल्या. हसत म्हणाला, "आजी, तुमची कवळीच बरी. पडली तर परत बसवता येते!"

८ मार्च
रिकामी बादली उचलताना भैरूचे मनगट मोडले. अनुमान: जो हात पाण्यात जातो, त्याचे हाड पोवळ्यास मिळते. रंजिताही उघड्या हाताने टाकी हाताळते. मी तिला मनाई केली. पुरावा मागायला शिकवणाऱ्या मॅडमनी स्वतः पुरावा नको का द्यायला, असे तिने विचारले. मागणी रास्त होती. मी डावा हात टाकीत धरला.

९ मार्च
फांदीला नवे पांढरे टोक. माझी डावी बोटे मेणासारखी वाकतात. वेदना नाही. रंजिता घाबरली, कोपरखैरण्याला घरी राहण्यास कबूल झाली. निघताना मी तिला त्याच पोवळ्याचा एक तुकडा आठवण म्हणून दिला. कपाटातला, कधीचा वाळलेला. पाण्याबाहेरचे पोवळे मृत असते.

११ मार्च
रंजिताचा फोन. सासूबाई रंगूबाईंनी तो तुकडा काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या कमरेला बांधला. पोवळे मंगळाचे, बाळाला राखील. ती नको म्हणाली, तर त्या कडाडल्या, "प्राध्यापकीणबाईंनी दिलंय, तू कोण नगं म्हणणारी?" आम्ही दोघी हसलो.

मग ती म्हणाली की दोरा काचतो. काल सैल होता.

१२ मार्च
दोरा कापा म्हणून सांगितले. दोरा सापडत नाही. कातडीखाली —

१३ मार्च
सोनोग्राफी. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिले. बाळाचे हृदय चालू आहे. हाडे दिसत नाहीत.
दिसते ती फांदी.

१४ मार्च
साध्य सिद्ध. कारण भौतिकच.
चूक एक: वाळले ते मेले, हे मी न तपासता मानले. सहीनिशी मान्य करते. तुकडा उजव्या हाताने दिला होता. लेखणी धरलेले त्याच हाताचे बोट आता —

राजल