बत्तीस मिनिटांची दुपार

३ फेब्रुवारी

प्रिय घुम्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. सगळे म्हणजे मी आणि स्वयंपाकघरातला नळ. तू गेलास तेव्हा गळत होता, अजून गळतोय.

तुझं पाकीट मिळालं. आठ वर्षांत पहिलं! आत पत्र असेल म्हणून घाईघाईने फोडलं, तर एक पेनड्राइव्ह आणि चिठ्ठी : ‘ताई, नवीन केलं आहे. ऐक. मोठ्या स्पीकरवर ऐक, कानात घालून नको.’ अकरा शब्द. मोजले मी. तुझ्या मानाने भाषणच झालं. बाबांनी तुझं नाव घुम्या ठेवलं ते उगाच नाही.

घरी मोठा स्पीकर कुठला! म्हणून दवाखान्यात नेलं. माझी नोकरी अजून तीच, दातांच्या दवाखान्यात टेबलाशी बसून नावं पुकारायची आणि गाल धरून आलेल्यांना ‘अजून पाचच मिनिटं’ म्हणून खोटं सांगायचं. बाहेरच्या खोलीत आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पीकर बसवून घेतलाय, पण त्यावर दिवसभर बातम्या चालायच्या. आधीच दाढ दुखतेय, त्यात वर बातम्या. मी गुपचूप तुझं लावून दिलं.

खरं सांगते, पहिली काही मिनिटं मला कळलंच नाही की ते सुरू झालंय. नुसती एक घुमघुम, फ्रिज चालू असतो तशी. मग तिच्यातून एक सूर वर आला, दुसरा आला, आणि पहिला जायच्या आत तिसरा. ना ठेका, ना शब्द. कोणी कुठेच निघालेलं नाही, कोणाला कसली घाई नाही. पेशंट पाय हलवायचे थांबले. एका बाईंच्या हातातलं मासिक मांडीवर कलंडलं आणि त्यांनी ते उचललंही नाही. आतून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता, तोसुद्धा त्या सुरात मिसळून गेला. ते संपलं तेव्हा सगळ्यांनी एकदम वर पाहिलं, दिवे गेल्यावर पाहतात तसं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे काय लावलंयस गं? पेशंट आपणहून तोंड उघडतायत.”

“माझ्या भावाने केलंय,” मी म्हटलं. फार दिवसांनी कोणाजवळ तुझा उल्लेख केला, आणि मान ताठ करून केला.

काका येऊन गेले. तब्येत बरी आहे, जीभही. तुझ्याबद्दल तेच बोलले, जे आठ वर्षं बोलतायत. मी विषय बदलला.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. उत्तर पाठव. बारा शब्दांचं चालेल.

तुझी ताई

*

१७ फेब्रुवारी

प्रिय घुम्या,

आशीर्वाद. उत्तराची वाट न पाहता दुसरं पत्र लिहिते आहे, कारण एक गोष्ट सांगायची आहे आणि ती इथे कोणाला सांगायची सोय नाही.

तुझं ते बत्तीस मिनिटांचं आता आमच्याकडे रोज सकाळ-दुपार लागतं. लोक मागून घेतात. एक शिक्षक तर दात ठणठणीत असताना येऊन बसले. म्हणाले, घरी असं बसायला मिळत नाही.

पण घुम्या, विसाव्या मिनिटाच्या आसपास सगळे दाराकडे बघतात.

आधी मला वाटलं, दार कुरकुरलं असेल. आमच्या बाहेरच्या खोलीतून एक बोळ आत जातो, त्याचं दार. मग मी घड्याळ लावून बघायला लागले. सोमवारी सहा माणसं होती, सहाही माना वळल्या. मंगळवारी चार, चारही. बोळात कोणी नव्हतं. वळतात, क्षणभर थांबतात, आणि मग एकमेकांकडे बघून ओशाळं हसतात. त्या जागी तुझा तो सगळ्यात गोड, लांबलचक सूर आहे. त्यानेच अंगावर काटा येतो आणि पुन्हा ऐकावासाही वाटतो.

काल एक आजीबाई होत्या. कवळी सैल झाली म्हणून आलेल्या. त्या सूर सुरू होताच उठून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “अगं, हाक मारतंय ना कोणीतरी! जा की आत.”

मी म्हटलं, “आजी, ते संगीत आहे. बसा तुम्ही.”

बसल्या. पण दाराकडेच बघत बसल्या. जाताना माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “हाक मारणाऱ्याचं मला काही नाही वाटत गं. ती दाराशी येऊन उभी राहते ना, तिची भीती वाटते.”

मी हसून घालवलं. पण तेव्हापासून बोळात फाइल आणायला जायचं तर मी कोणालातरी हाक मारून सोबत नेते. चाळिशी ओलांडलेली बाई, स्वतःच्या चपलांच्या आवाजाला दचकते. हस खुशाल.

हे तू कशापासून करतोस रे? वाद्य तर नाही वाटत. कळव. सांगायचं नसेल तर राहू दे, माझं काही अडलेलं नाही.

ताई

*

९ मार्च

घुम्या,

तुझं पत्र मिळालं. दीड पान! दुसरी कोणती वेळ असती तर फ्रेम करून लावलं असतं.

मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तू लिहिलंस : हे बाबा गेले त्याच दुपारचं आहे. त्या दिवशी आपल्या घराची नुसती घुमघुम पकडायची म्हणून तू छोटा रेकॉर्डर बोळातल्या कपाटावर चालू करून ठेवला होतास आणि स्वतः मागच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून पडला होतास. तो तीन तास चालू राहिला. जाताना तू तो सोबत नेलास आणि आठ वर्षं त्याला हात लावला नाहीस. आता लावलास, तोही ऐकायला नाही. डोळे मिटून त्या तीन तासांवर कुठेतरी बोट ठेवलंस, तिथलं एक मिनिट उचललंस आणि ताणून बत्तीस मिनिटांचं केलंस. ‘मूळ आवाज मी कधीच ऐकत नाही, ताई. ताणला की त्यात काय होतं ते कळत नाही, फक्त गोड लागतं. बाबांनी मला किती वेळा हाक मारली हे मला ऐकवणार नाही.’

मी ऐकलं, घुम्या.

आमच्या दवाखान्याशेजारी कानाची यंत्रं विकणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे नेलं आणि म्हटलं, हे आवळून पुन्हा एक मिनिटाचं करता येईल का? त्यांना चुटकीसरशी जमलं. स्पीकरवर लावून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले हे देवाचे उपकार.

पहिल्यांदा बाबांची हाक आहे. तुला. एकदाच, आणि तीही फार मोठी नाही. आजारपणानंतर त्यांचा आवाज उरला होताच कुठे! मग आपल्या दाराची कडी. मग चपला. बोळातून येतात, बाबांच्या खोलीच्या दाराशी थांबतात. आणि मग तो सूर, तुझा गोड सूर, जो ऐकून माणसं माना वळवतात. ते बाबा आहेत. म्हणतायत, “मनू, आलीस का गं?”

मग थोडा वेळ काहीच नाही.

मग चपला परत जातात. हळू, टाचा उचलून. मग कडी.

सगळ्यांना मी सांगितलं होतं की मी साडेचारला घरी आले आणि बाबांना बघितलं. ते खोटं आहे. मी त्याआधी एकदा आले होते. त्या दुपारी तुझी पाळी होती. सहा महिने मीच सगळं काढत होते, त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, वर नोकरी. मी बाहेरून कडी काढत होते तोच बाबांनी तुला हाक मारली, आणि तू ढिम्म. माझं डोकं फिरलं. म्हटलं, उठू दे की याला एकदा तरी. मी आत गेले तर पुन्हा मलाच करावं लागेल, हा उठायचा नाहीच. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाबांनी माझी पावलं ओळखली. मी त्यांचा प्रश्न स्वच्छ ऐकला, आणि ओ दिली नाही. गच्चीवर जाऊन बसले. वारा छान होता. तेवढ्या वेळात मला खरोखर बरं वाटलं, हेसुद्धा सांगून टाकते.

पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी कळलं असतं तर वाचले असते. खोलीतले सगळे तुझ्याकडे बघायला लागले. हेडफोन तुझ्या गळ्यातच होते. काका म्हणाले, “कानात बोळे घालून बसला, बाप गेला.” तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझी ताई, मी काहीतरी बोलेन, असं तुला वाटलं असणार. मी पदर तोंडाला लावून रडत राहिले. रडणं खरं होतं. पण त्यामागे लपलेही होते.

तुला ऐकू आलं नाही. मला आलं होतं. फरक एवढाच आहे, आणि त्याची शिक्षा तू आठ वर्षं भोगलीस.

कानाच्या यंत्रवाल्यांनी परत येऊन मला विचारलं, मधले हे आवाज नको असतील तर पुसून देऊ का, कोणाला समजणार नाही. तीन तासांतलं नेमकं तेच मिनिट तुझ्या बोटाखाली आलं, घुम्या. हे कसं झालं याचा मी फार विचार करत नाही. केला की घरात एकटीला बसवत नाही. मी म्हटलं, काही पुसू नका.

हे पत्र टाकायच्या आधी काल काकांकडे गेले. काकूही होत्या. उभ्यानेच सगळं सांगितलं. काका माझ्याकडे बघत राहिले, तुझ्याकडे बघायचे तसे. आज सकाळी शेजारच्या वहिनींनाही सांगितलं. म्हणजे आता तू मला क्षमा केलीस तरी हे मागे घेता येणार नाही.

ते एक मिनिट वेगळं करून सोबत पाठवते आहे. ऐकायचं की नाही ते तू ठरव. पण ऐकलंस तर शेवटपर्यंत ऐक. तुझ्या नावाची हाक एकच आहे. त्यानंतर त्या मिनिटात बाबांनी तुला पुन्हा बोलावलं नाही, कारण त्यांना वाटलं मी आले आहे.

मी इथेच आहे. ये किंवा येऊ नकोस, रागाव, काहीही कर. फक्त यापुढे तो दोष स्वतःकडे ठेवू नकोस, तो माझा आहे.

त्या दिवशी सव्वातीनला घरी आलेली,
तुझी ताई